मोडक्या पायाचे भाग्य

चीनमध्ये एक म्हण आहे. चारच अक्षरांची, आणि तिकडे एक अक्षर म्हणजे एक शब्द, म्हणून चारच शब्दांची. सरहद्दीवरच्या म्हाताऱ्याने घोडा गमावला, एवढाच तिचा अर्थ. इतके बोलून बोलणारा थांबतो. हे भाग्यच नसेल कशावरून, हा उरलेला भाग ऐकणाऱ्याने मनात म्हणायचा असतो. ही गोष्ट चीनमधून कोरियात गेली, जपानात गेली. जपानी माणूस तर माणसाचे सारे जिणेच त्या म्हाताऱ्याच्या घोड्यासारखे आहे असे म्हणतो. 'जे होते ते बऱ्यासाठी' असे आपल्याकडे म्हणतात, त्याच पंगतीत ही म्हण बसवण्याचा मोह होतो. आम्हांलाही झाला होता. ती त्या पंगतीतली नव्हे असे आता आम्हांला वाटते, आणि तसे का वाटते तेच आज या व्यासपीठावरून सांगायचे आहे.

प्रारंभीच कबूल करतो, आम्ही काही इतिहासाचे पंडित नव्हे. शाळेतले शिक्षण सातवीला संपले; पुढचे जे झाले ते पाळी सुटल्यावर वाचनालयाच्या बाकावर, शब्दकोश शेजारी ठेवून झाले. ही म्हणही आम्ही प्रथम ऐकली ती एका कारखान्याच्या वाटाघाटीत. एक खाते बंद करून तेथल्या माणसांना घरी पाठवायचे, असे मालकांच्या बाजूने ठरले होते. टेबलाच्या पलीकडे बसलेले साहेब स्वभावाने वाईट नव्हते. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "तुम्ही हे नुकसान का समजता? चिनी लोकांची एक गोष्ट आहे." मग त्यांनी गोष्ट सांगितली; पण सांगितली ती हरवलेला घोडा दुसरे घोडे घेऊन परत येतो तेथपर्यंतच. आमच्या बाजूची मंडळी गप्प बसली. आम्हांला मात्र रात्रभर वाटत राहिले की, गोष्ट एवढीच असणार नाही. घोडे मिळाले, पुढे काय?

पुढे जे आहे ते असे.

सरहद्दीजवळ एक माणूस राहत होता. शकुन-ठोकताळे जाणणारा होता, असे मूळ ग्रंथ म्हणतो. एके दिवशी काही कारण नसताना त्याचा घोडा पळाला आणि सरहद्दीपलीकडे हू लोकांच्या, म्हणजे गवताळ रानातल्या भटक्या घोडेस्वारांच्या मुलखात गेला. शेजारी समाचाराला आले. म्हातारा म्हणाला, हे भाग्य ठरणार नाही कशावरून? काही महिन्यांनी घोडा परत आला, तो हू लोकांचे उमदे घोडे बरोबर घेऊन. शेजारी आनंद व्यक्त करायला आले. म्हातारा म्हणाला, ही आपत्ती ठरणार नाही कशावरून? घरात चांगली जनावरे झाली. मुलाला घोड्यावर बसण्याची हौस होती; तो पडला आणि त्याची मांडी मोडली. शेजारी पुन्हा समाचाराला आले आणि म्हाताऱ्याने पुन्हा तेच उत्तर दिले. वर्ष गेले. हू लोक मोठ्या संख्येने सरहद्द ओलांडून आत आले. धडधाकट होते तेवढे सारे पुरुष धनुष्य ओढून लढायला गेले. सरहद्दीजवळच्या माणसांतली दहांतली नऊ मेली. एवढा हा पोरगा लंगडा म्हणून राहिला, आणि बाप-लेक दोघे वाचले.

गोष्ट येथे संपते. तिच्यात म्हाताऱ्याचे नाव नाही, मुलाचे नाही, शेजाऱ्यांचे तर नाहीच. पण शेजारी तीनदा येतात. घोडा गेला तेव्हा आले, घोडे आले तेव्हा आले, पाय मोडला तेव्हा आले. चौथ्यांदा म्हाताऱ्याचे खरोखर अभिनंदन करण्यासारखे झाले, तेव्हा कोणी आले नाही; कारण येणारे मेले होते. गोष्ट सांगताना आजवर कोणी या मंडळींची विचारपूस केलेली आम्ही ऐकली नाही. सगळे म्हाताऱ्याच्या शहाणपणाचे कौतुक करतात. आम्ही आयुष्यभर शेजाऱ्यांच्या बाजूने बसलो, म्हणून आमचे लक्ष तिकडे गेले असेल.

आता ही गोष्ट कोठली ते पाहू. 'ह्वायनान-त्सु' नावाचा एकवीस प्रकरणांचा एक जुना ग्रंथ आहे. हान वंशातला ह्वायनानचा राजा ल्यू आन याच्या दरबारातल्या विद्वानांनी तो रचला, आणि इ.स.पू. १३९ साली ल्यू आनने तो आपला तरुण पुतण्या सम्राट वू याला अर्पण केला. माणसांच्या व्यवहारांवरच्या अठराव्या प्रकरणात आपली गोष्ट आहे. नफ्याच्या पोटात तोटा आणि तोट्याच्या पोटात नफा कसा दडलेला असतो, याच्या अनेक कथा त्या प्रकरणात आहेत. हा विचार त्याआधीही चीनमध्ये होताच. लाओ-त्सूच्या नावावर असलेल्या ग्रंथातही तो आहे. पण ग्रंथ अर्पण करणाऱ्या राजाच्या वाट्याला काय आले? त्याच्यावर बंडाचा आळ आला, आणि इ.स.पू. १२२ साली त्याने आत्महत्या केली. त्याचे राज्य खालसा झाले आणि त्या प्रकरणात गुंतवून हजारो माणसे मारली गेली. त्या आपत्तीच्या पोटात कोणते भाग्य होते, हे सांगायला कोणी म्हातारा पुढे आला नाही.

ही गोष्ट नुसती दंतकथा म्हणून वाचली तर घोडा म्हणजे एक जनावर. त्या काळाच्या सरकारी कागदांत मात्र त्या घोड्याची किंमत वेगळी आहे. उत्तरेला श्युंगनू या भटक्या लोकांची सत्ता होती. हान वंशाच्या संस्थापकालाच त्यांनी इ.स.पू. २०० साली वेढ्यात गाठले होते; तेव्हापासून राजकन्या, रेशीम आणि धान्य पाठवून कशीबशी शांतता राखली जात होती, आणि तरी मधूनमधून स्वाऱ्या होतच होत्या. श्युंगनूंचे बळ घोड्यांत होते. म्हणून चिनी सरकारला घोडे हवे होते. च्याओ त्सो नावाच्या मंत्र्याने इ.स.पू. १६८ च्या सुमारास सम्राटाला केलेल्या एका निवेदनात त्या वेळच्या नियमाचा उल्लेख आहे: ज्या घरात रथाला किंवा स्वारीला चालेल असा एक घोडा असेल, त्या घरची तीन माणसे शिपाईगिरीच्या सक्तीतून मोकळी.

एक घोडा म्हणजे तीन माणसांची सुटका! हे वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. समाचाराला येणारे शेजारी घोड्यासाठीच हळहळत होते की घोड्याबरोबर गेलेल्या आणखी कशासाठी? गोष्टीत हे लिहिलेले नाही, आणि जे लिहिलेले नाही ते आम्ही तिच्यात घुसडणार नाही. पण त्या मुलखातल्या माणसाला ही गोष्ट सांगितली तेव्हा त्याला नियम ठाऊक नव्हता असे थोडेच आहे? घोडा असला तर माणूस सुटतो, घोडा गेला तर माणूस अडकतो, आणि पाय मोडला तर पुन्हा सुटतो. सरहद्दीवर भाग्य या शब्दाचा अर्थ सुटका एवढाच उरला होता.

सरहद्दीवरची नोकरी कशी होती हे आज बरेच नेमके कळते. चीनच्या वायव्येस ज्यूयेन येथल्या चौक्यांच्या अवशेषांत १९३०-३१ साली सुमारे दहा हजार लाकडी पट्ट्या सापडल्या, आणि १९७२ ते १९७४ या काळात आणखी जवळजवळ वीस हजार. त्या हान काळातल्या, आपल्या गोष्टीनंतरच्या आहेत. त्यांच्यावर कविता नाहीत; कोणाला किती धान्य दिले, कोण आजारी, कोणी कोणते काम केले, धुराचे इशारे केव्हा दिसले, असली नोंद आहे. थोडक्यात, तो हजेरीपट आहे. विद्वान मंडळी त्यावरून राज्यव्यवस्थेचा अभ्यास करतात. आम्हांला मात्र हजेरीपट दिसला की आधी आजाऱ्यांचा रकाना पाहण्याची खोड आहे.

आणि ग्रंथ अर्पण झाला त्याच सम्राट वूने पुढे शांतता मोडली. इ.स.पू. ११९ च्या एका मोहिमेत सरकारी आणि खासगी मिळून १,४०,००० घोडे सरहद्दीबाहेर गेले. परत आले ते ३०,००० देखील नव्हते. हा आकडा सिमा च्येन या इतिहासकाराने नोंदवून ठेवला आहे. घोड्यांचा आकडा इतका नेमका मिळावा, हे पाहण्यासारखे आहे.

सिमा च्येनचे नाव निघाले म्हणून एक सांगतो. व्याख्याते मंडळी 'नुकसानीतून भाग्य' याचा दाखला म्हणून त्याचे नाव हटकून घेतात. शत्रूला शरण गेलेल्या एका सेनापतीची बाजू घेतली म्हणून सम्राटाने त्याला पुरुषत्व नष्ट करण्याची शिक्षा दिली. तरी त्याने आपला महान इतिहास पुरा केला. म्हणजे शिक्षा हेच भाग्य! पण त्याने स्वतः एका मित्राला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. त्यात लाज आहे, संताप आहे, काम पुरे करण्याची जिद्द आहे. भाग्य नाही. तो शब्द त्याला इतरांनी चिकटवला.

मग असा कोणी आहे का, की ज्याने आपल्या मोडलेल्या अवयवाला स्वतः भाग्य म्हटले? आहे, एक नव्हे, असंख्य आहेत. तोच आमच्या विषयाचा गाभा आहे.

हान वंशानंतर चार शतके सोडून पुढे येऊ. सुइ वंशाचा सम्राट यांग याने कालवे खणवले, राजवाडे बांधवले आणि कोरियातले कोगुर्यो राज्य जिंकण्याचा ध्यास घेतला. ६११ साली पूर्व किनाऱ्यावरच्या तुंगलाय येथे ३०० जहाजे बांधण्याचा हुकूम सुटला. अंमलदार उभे राहून काम करून घेत होते. कारागीर रात्रंदिवस पाण्यात उभे. विश्रांतीची सोय नाही. कमरेखालचे अंग कुजून त्यात किडे पडले, आणि दहांतली तीन-चार माणसे मेली. ही काही कोणा चळवळ्याची अतिशयोक्ती नव्हे. दरबारी इतिहासात हे लिहिलेले आहे. पुढच्या वर्षी, ६१२ साली, फौज निघाली. इतिहासाने दिलेली संख्या ११,३३,८०० आहे, आणि सामान वाहणारे त्याच्या दुप्पट. त्यांतली ३,०५,००० माणसे ल्याओ नदी ओलांडून पुढे गेली. त्यांतली परत आली २,७००. असले आकडे फुगवलेले असतात हे आम्हांला ठाऊक आहे. अर्धे करून वाचा, पाव करून वाचा. काय फरक पडतो? यांगने ६१३ साली पुन्हा फौज पाठवली, ६१४ साली पुन्हा.

या काळात लोकांनी एक उपाय शोधला. ते आपले हातपाय आपणच मोडू लागले. मोडक्या हाताला भाला धरता येत नाही, मोडक्या पायाला कालव्याची माती वाहता येत नाही. आणि अशा हाताला आणि पायाला त्यांनी नाव दिले: 'भाग्याचा हात', 'भाग्याचा पाय'.

चिनी भाषेत भाग्याला 'फू' म्हणतात. म्हाताऱ्याच्या म्हणीतला शब्द तोच, आणि या मोडक्या हातापायांना लावलेला शब्दही तोच. गोष्टीतला पोरगा हौसेने घोड्यावर बसला आणि पडला. त्याचे भाग्य आभाळातून आले. इथे मात्र म्हाताऱ्याची वाट न पाहता लोकांनी भाग्य स्वतःच्या हाताने, दगड घालून, घडवले. दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात. ल्याओ नदीपेक्षा दगड मऊ होता, एवढाच त्याचा हिशेब.

दुसरा मार्ग नव्हता असेही नाही. त्याच ६११ साली शांतुंग प्रांतातल्या एका डोंगरात वांग पो नावाच्या माणसाने बंड उभारले आणि ल्याओच्या मुलखात जाऊन फुकट मरू नका, अशा अर्थाचे गाणे रचले. सक्ती चुकवणारे पुष्कळ लोक त्याला जाऊन मिळाले. देशभर बंडे झाली आणि ६१८ साली सुइ वंश बुडाला. आम्ही ज्या व्यवसायात केस पांढरे केले, त्यातल्या माणसाला वांग पोची कथा अधिक रंगवून सांगाविशी वाटणे साहजिक आहे. पण आज आमचा विषय डोंगरात गेलेल्यांचा नाही. जे घरीच राहिले आणि रात्री दगड घेऊन परसात गेले, त्यांचा आहे. ते संख्येने अधिक असावेत असे आम्हांला वाटते. संप करणारा दिसतो, त्याचा फोटो निघतो. स्वतःला मोडून घेणारा दिसत नाही.

सुइ गेले, थांग वंश आला. त्याचा दुसरा सम्राट थाय-त्सुंग हा चीनच्या उत्तम राज्यकर्त्यांत गणला जातो, आणि ते बरोबरही आहे. तरी चाल मोडली नव्हती. ६४२ साली थाय-त्सुंगने हुकूम काढला: यापुढे जो कोणी स्वतःला इजा करून घेईल त्याला कायद्याप्रमाणे शिक्षा होईल, आणि वर त्याच्याकडून सारा आणि वेठही घेतली जाईल. 'भाग्याचा हात' हे नाव आज आपल्याला कळते ते या हुकुमाच्या नोंदीमुळेच. हुकमावर तीन वर्षे झाली, आणि ६४५ साली हा उत्तम राजाही स्वतः फौज घेऊन त्याच कोगुर्योवर चालून गेला.

या चालीतला एक माणूस आपल्याला जवळून भेटतो, तो पाय च्यू-यी या थांग कवीच्या कवितेत. शिनफंग गावच्या मोडक्या हाताच्या म्हाताऱ्याची ती कविता ८०९ सालची मानतात. म्हातारा अठ्ठ्याऐंशी वर्षांचा आहे. तो चोवीस वर्षांचा असताना दक्षिणेकडच्या नानचाओ राज्यावर स्वारी निघाली. घरात तीन पुरुष असतील तर एक द्यावा असा नियम होता. याचे नाव यादीत निघाले. रात्री, कोणाला न कळू देता, त्याने मोठा दगड घेतला आणि आपला हात ठेचला. त्या स्वाऱ्या ७५१ आणि ७५४ साली खरोखर झाल्या आणि दोन्ही फौजा बुडाल्या. बेरीज करून पाहिली तर म्हाताऱ्याचे वय पाच-सहा वर्षांनी चुकते. पण कवीकडे कोणी वयाचा दाखला मागू नये. म्हातारा सांगतो की हात गेल्याचे आपल्याला दुःख नाही, आपण जिवंत आहोत याचा आनंदच आहे. बरोबरचे सारे तिकडे मेले. आणि हेही सांगतो की, अजून पावसाच्या, वाऱ्याच्या रात्री हात दुखतो आणि पहाटेपर्यंत झोप येत नाही.

सरहद्दीवरच्या पोराचा पाय पावसात दुखत होता की नाही, हे जुन्या ग्रंथाने विचारलेले नाही.

ही कविता आम्ही वाचली त्याच्या कितीतरी आधी, १९९० च्या सुमारानंतरच्या वर्षांत, आम्ही पत्र्याचे भाग काढणाऱ्या एका प्रेसशॉपमध्ये युनियन बांधत होतो. कारखान्याचे नाव येथे नको. प्रेसला गार्ड होते, पण गार्ड लावले की नग कमी पडतात म्हणून ते काढून भिंतीशी ठेवलेले असत. एका पोराची उजव्या हाताची दोन बोटे डायमध्ये गेली. १९२३ च्या कायद्याखाली त्याची नुकसानभरपाई आम्हीच भांडून मिळवून दिली, आणि त्याचा आम्हांला अभिमान होता. त्या पैशांतून त्याने गावी बापाच्या घरावर पत्रे घातले, भिंती पक्क्या केल्या. गावातली माणसे त्या घराला 'बोटांचं घर' म्हणू लागली. टवाळीने नव्हे; कौतुकाने. नशीबवान म्हणत त्याला.

त्यानंतर एके संध्याकाळी त्याच खात्यातले तिघेजण युनियनच्या खोलीवर आले. इकडचे तिकडचे बोलणे झाले. मग त्यांतला एकजण म्हणाला, "भाऊ, त्या कायद्यात कोणत्या बोटाचे किती, ते लिहिलेले असते ना?" परिशिष्ट आमच्या खिशात होते. कामगाराला त्याचा हक्क समजावून सांगणे हेच आमचे काम. आम्ही ते काढले आणि वाचून दाखवले. अंगठ्याचे किती, तर्जनीचे किती, एका पेराचे किती, दोन पेरांचे किती. तिघांनी लक्ष देऊन ऐकले. एकाने पुन्हा वाचायला सांगितले. आम्ही पुन्हा वाचले.

पावसाळा संपता संपता त्या तिघांतल्या एकाचे डाव्या हाताचे बोट गेले. दुसऱ्या पाळीच्या शेवटी, प्रेसजवळ दुसरे कोणी नसताना. त्या वर्षी त्याच्या धाकट्या बहिणीचे लग्न ठरत होते, हे आम्हांला माहीत होते. अर्ज आम्ही भरला. कारण या रकान्यात 'अपघात' असे आमच्याच हाताने लिहिले. गार्ड काढून ठेवलेले होते, तेव्हा ते खोटे होते असे कोणालाही म्हणता आले नसते. कागद त्याच्यापुढे सरकवला, तेव्हा पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून त्याने उजव्या हाताने सही केली. आम्ही त्याला काही विचारले नाही, आणि त्यानेही काही सांगितले नाही.